पोरांना घेऊन विमानांचं संग्रहालय: सोलापूरहून गोव्याला कसं जावं, काय बघावं

पोरांना विमानांचं वेड असेल तर गोव्याच्या सहलीतला एक दिवस बोगमाळो रस्त्यावरच्या नौदल विमानन संग्रहालयासाठी राखून ठेवा.

आधी वार बघा. संग्रहालय सोमवारी बंद असतं. सोलापूरच्या होटगी रोड विमानतळावरून जून २०२५ मध्ये गोव्याची सेवा सुरू झाली, पण विमान रोज नसतं. त्यामुळे वेळापत्रक बघूनच तिकीट काढा. ते उतरतं मोपाला, म्हणजे गोव्याच्या उत्तर टोकाला, आणि संग्रहालय आहे दाबोळीजवळ. टॅक्सीला दीड तास तरी धरा. उतरल्या दिवशी धावपळ नको. वास्को किंवा बोगमाळोला मुक्काम करा आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच आत शिरा.

सोलापूरहून जाणारं विमान एटीआर ७२. त्याचे पंख खिडक्यांच्या वर असतात, त्यामुळे खालचं छान दिसतं. पोरांना बाहेरचा फिरता पंखा नीट बघायला सांगा. तो फिरवणारं इंजिन जेटच्याच जातीचं, त्याला टर्बोप्रॉप म्हणतात. संग्रहालयातल्या आलिझे विमानातही हीच युक्ती आहे.

तिथे पोचल्यावर आधी बाहेरचं अंगण उरका. दुपारचं ऊन सोसवत नाही. आपल्याला उन्हाची सवय आहे, पण गोव्यातला घाम निराळाच.

सगळ्यात मोठं विमान सुपर कॉन्स्टेलेशन. शेपटीला तीन उभे पंख, ते पोरांनाच मोजू द्या. हे पूर्वी एअर इंडियाचं प्रवासी विमान होतं आणि नाव होतं ‘रानी ऑफ एलोरा’, म्हणजे आपल्या वेरूळची राणी! पुढे ते हवाई दलाकडे आणि मग नौदलाकडे आलं.

मग खरा खेळ: हुक शोधा. विमानवाहू जहाजावरची धावपट्टी आखूड असते. उतरणारं विमान शेपटीखालच्या हुकाने डेकवर ताणलेली तार पकडतं आणि थांबतं. सी हॉक आणि आलिझेला हा हुक आहे. १९७१च्या युद्धात हीच दोन्ही जातींची विमानं ‘विक्रांत’ या विमानवाहू जहाजावरून उडत होती; सी हॉकनी चितगाव आणि कॉक्स बझारवर हल्ले केले. पंख दुमडायचे सांधेही शोधायला लावा. जहाजाच्या पोटात जागा कमी, म्हणून ही सोय.

आता सी हॅरियरकडे न्या. त्याला हुकच नाही! का, ते लगेच सांगू नका. पोटाच्या दोन्ही बाजूंची चार तोंडं दाखवा. ती खाली वळवली की इंजिनाचा झोत विमानाला तोलून धरतो, आणि ते सरळ खाली उतरतं. नौदलाने ते २०१६ मध्ये निवृत्त केलं.

ऊन चढलं की आतल्या दालनात जा. विमानवाहू जहाजांच्या प्रतिकृती बघताना धावपट्टी किती आखूड ते पोरांना आपसूक कळतं. पाण्याच्या बाटल्या जवळ ठेवा. कडक भाकरी आणि शेंगाचटणी न्याच, पण डबा संग्रहालयाबाहेर पडल्यावर उघडा.