प्रकाशीय अनुनादकाची रेषारुंदी मोजताना

सातारा-सांगलीकडील महाविद्यालयीन प्रयोगशाळांत दोन आरशांच्या अनुनादकाची (आरशांमध्ये ठरावीक वारंवारतांचाच प्रकाश साठवणाऱ्या रचनेची) रेषारुंदी, म्हणजे अनुनाद-शिखराची वारंवारतेतील रुंदी, मोजताना पिएझोच्या (व्होल्टेज दिल्यावर आरसा किंचित सरकवणाऱ्या घटकाच्या) व्होल्टेजवरून वारंवारता काढण्याची पद्धत सोयीची वाटते. परंतु पिएझोचे सरकणे व्होल्टेजच्या सरळ प्रमाणात नसल्याने त्या आकड्यावर विसंबू नये. त्याऐवजी लेझरच्या प्रकाशाला विद्युत-प्रकाशीय मॉड्युलेटरने 10 मेगाहर्ट्झचे कला-मॉड्युलेशन (प्रकाशलहरीच्या फेजमध्ये नियमित बदल) द्यावे. मग ऑसिलोस्कोपवर मुख्य शिखराच्या दोन्ही बाजूंना छोटी शिखरे उमटतात आणि त्या दोहोंमधील अंतर नेमके 20 मेगाहर्ट्झ असल्याने पट्टी आपोआप हाती येते. आरशांमध्ये 10 सेंटिमीटर अंतर असेल, तर लागोपाठच्या अनुनादांत सुमारे 1.5 गिगाहर्ट्झचे अंतर पडते. फिनेस (हे अंतर भागिले रेषारुंदी) 1000 असल्यास रेषारुंदी 1.5 मेगाहर्ट्झ भरते, आणि हे माप या पट्टीवर नीट वाचता येते.

लेझरची स्वतःची रुंदी मात्र मोजमापात मिसळते. ती अनुनादकाच्या रुंदीच्या जवळपास असेल, तर प्रकाश एकदम तोडून आतील तीव्रता किती वेळात ओसरते तेच मोजणे मला अधिक खात्रीचे वाटते. वरील उदाहरणात तो क्षयकाळ सुमारे 106 नॅनोसेकंद येतो, म्हणजे प्रकाश तोडणारी कळ आणि शोधक दोन्ही त्याहून बरेच जलद हवेत.

सांगलीच्या एप्रिलमधील दुपार या कामाला मुळीच योग्य नाही. अॅल्युमिनियमची 10 सेंटिमीटरची चौकट एका अंशाने तापली, तर सुमारे 2.3 मायक्रोमीटर वाढते आणि 633 नॅनोमीटरच्या प्रकाशासाठी सात अनुनाद सरकून जातात. पहाटे, पंखा बंद ठेवून, आरसा दोन्ही दिशांनी सरकवत स्कॅन घ्यावे.