निकेलचे तीन स्फटिक: वाढवायचे कसे, भूमिती ओळखायची कशी

एकाच हिरव्या निकेल क्लोराइडपासून जांभळं अष्टफलकी (निकेलभोवती सहा अणू), लाल चौरस-प्रतलीय (चार अणू, एका प्रतलात) आणि निळं चतुष्फलकी (चार अणू, चार कोपऱ्यांवर) अशी तीन संयुगं मिळतात. निकेलभोवतीची ही मांडणी म्हणजेच भूमिती. नागपुरात काम करत असाल तर आधी महिना बघा. निळं संयुग एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत उरकून घ्या. जुलैत ते गाळणकागदावरच ओलावा ओढून हिरवं पडायला लागतं.

सुरुवात जांभळ्यापासून करावी, ते सगळ्यांत कमी त्रास देतं. २.३८ ग्रॅम निकेल क्लोराइड हेक्झाहायड्रेट १५ मिली पाण्यात विरघळवा. बीकर बर्फात ठेवून २.२ मिली एथिलीनडायअमीन थेंबथेंब सोडा, तेही हुडखाली (वाफ ओढून घेणाऱ्या कपाटात) आणि हातमोजे घालून. त्याची वाफ डोळ्यांना, घशाला झोंबते, आणि निकेलची ॲलर्जी एकदा जडली की सहसा सुटत नाही. रंग हिरव्यावरून निळा, मग निळसर-जांभळा आणि शेवटी स्वच्छ जांभळा होतो. एकेक लिगँड (निकेलला जोडला जाणारा रेणू किंवा आयन) जोडला जाताना असा डोळ्यांना दिसतो, म्हणून घाई करू नका. शेवटी निळी झाक राहिली तर डायअमीन कमी पडलंय. बाटली जुनी असेल तर त्याने हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड शोषलेला असतो. दोन-तीन थेंब वाढवा.

द्रावण आटवून, थंड करून, एथेनॉल घातलं की भुकटी मिळते, पण क्ष-किरणांनी अणूंची रचना काढायला ती कामाची नाही. थोडी भुकटी कमीत कमी पाण्यात विरघळवून गाळा, १ मिली द्रावण छोट्या बाटलीत घ्या आणि ती उघडीच, तळाशी एथेनॉल असलेल्या झाकणाच्या बरणीत ठेवा. एथेनॉलची वाफ हळूहळू पाण्यात शिरते, विद्राव्यता घटते. ०.२ ते ०.३ मिमीचा, स्वच्छ कडांचा स्फटिक पुरेसा आहे. सुयांचा गुच्छ आला तर द्रावण फार दाट होतं किंवा त्यात धूळ होती. मे महिन्यात दिवस-रात्रीच्या तापमानातला फरक आणि कूलरची थरथर या दोन्हींनी स्फटिक बिघडतात, म्हणून बरणी थर्माकोलच्या डब्यात, कूलरपासून लांब ठेवा.

लाल संयुगासाठी निकेल क्लोराइडच्या द्रावणात मिसळायला डायमिथाइलग्लायऑक्झिमचं १ टक्का एथेनॉली द्रावण लागतं. अमोनिया एकदम ओतला तर लोण्यासारखा गोळा बसतो आणि गाळता गाळता दिवस जातो. त्याऐवजी युरिया घालून उकळीच्या जरा खाली तापवा. अमोनिया आतूनच सावकाश सुटतो आणि सुया सुट्या, भरड येतात.

निळ्यासाठी हेक्झाहायड्रेट तापवून पिवळं, निर्जल करा. त्यातलं १.३० ग्रॅम आणि ३.३१ ग्रॅम कोरडं टेट्राएथिलअमोनियम क्लोराइड गरम, कोरड्या एथेनॉलमध्ये एकत्र करून थंड होऊ द्या. स्फटिक लगेच डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात).

क्ष-किरणांवरून रचना हाती आली की आधी अणूंमधली अंतरं बघा, मग कोन. लाल संयुगात निकेल-नायट्रोजन अंतर सुमारे १.८५ अँगस्ट्रॉम, जांभळ्यात सुमारे २.१३. निकेलच्या बाहेरच्या आठ डी-इलेक्ट्रॉनांपैकी अष्टफलकात दोन प्रतिबंधी (बंध कमकुवत करणाऱ्या) कक्षकांत, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या जागांत, बसतात आणि बंध लांबवतात. चौरस प्रतलात त्यांतला एक कक्षक रिकामाच राहतो. म्हणून लाल संयुग प्रतिचुंबकीय असतं, म्हणजे चुंबकाकडे ओढलं जात नाही; जांभळ्याचं चुंबकीय आघूर्ण ३.१ बोर मॅग्नेटॉनच्या (आघूर्णाचं एकक) आसपास आणि निळ्याचं ३.८ ते ३.९ येतं. जांभळ्यात एकाच डायअमीनच्या दोन नायट्रोजनांमधला कोन ९० अंशांऐवजी सुमारे ८२ दिसेल. ती चूक नाही, पाच अणूंच्या कड्याला तेवढंच ताणता येतं.

चार लिगँड असतील तर टाऊ-चार हा भूमिती सांगणारा आकडा काढा: निकेलपाशी होणारे सर्वांत मोठे दोन कोन मिळवा, बेरीज ३६० मधून वजा करा, १४१ ने भागा. ० आलं तर चौरस प्रतल, १ आलं तर चतुष्फलक.

लाल नमुना गौय तराजूवर (चुंबकाच्या ओढीने वजनात पडणारा फरक मोजणारा तराजू) चुंबकाकडे ओढला गेला तर भूमितीवर शंका घेण्याआधी तो गरम पाण्याने पुन्हा धुवा. न बदललेलं हिरवं मीठ त्यात अडकलेलं असतं. धुतलेलं पाणी सिंकमध्ये न सोडता निकेलच्या कचऱ्याच्या बाटलीत जमा करा.