एनबीआयमध्ये लाल दिसलं की आधी धुवा

डीएम गॅस्ट्रोला (पोटविकारांच्या सुपरस्पेशालिटीला) नुकतंच लागलेल्यांसाठी लिहितोय. विषय कोलोनोस्कोपी, म्हणजे स्कोपने मोठं आतडं आतून बघणं. सीकमपर्यंत (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या टोकापर्यंत) पोचणं, स्कोपला पडलेला लूप सोडवणं हे हाताला येतंच, त्यावर बोलत नाही. मी फसलो ते एनबीआयच्या (नॅरो बँड इमेजिंग, ठरावीक रंगांच्याच प्रकाशात बघणं) बटणावर.

थिअरी तोंडपाठ होती. 415 आणि 540 नॅनोमीटरचा प्रकाश, तो हिमोग्लोबिन शोषतं, म्हणून रक्तवाहिन्या गडद तपकिरी दिसतात. पॉलिपच्या नाइस वर्गीकरणात टाइप 1 हायपरप्लास्टिक (सहसा निरुपद्रवी), टाइप 2 अडेनोमा (तपकिरी दिसणारा, पुढे कॅन्सर होऊ शकणारा). झालं, मला वाटलं आपल्याला येतं.

पहिल्याच वर्षी एक काका आले होते, प्रेप (आतड्याची सफाई) ठीकठाक, सफाईचा बोस्टन स्कोर 9 पैकी 6. असेंडिंगमध्ये (मोठ्या आतड्याच्या उजव्या भागात) बटण दाबलं तर एका फोल्डवर (घडीवर) लालसर चट्टा. आता एनबीआयमध्ये पित्ताचं पाणी रक्तासारखं लाल दिसतं हे मला माहीत होतं, आणि माहीत होतं हाच घोळ झाला. पित्त समजून स्कोप मागे घ्यायला लागलो. मॅडम मागून एवढंच म्हणाल्या, "धू ते." वॉटर जेट मारला, आजूबाजूचं सगळं वाहून गेलं, हा पठ्ठ्या मात्र चिकटून. तीनचार वेळा मारल्यावर म्यूकसचा (चिकट स्रावाचा) थर सुटला आणि खाली फिकट, सपाट, कडा कुठे संपते तेच कळेना असं काहीतरी. रिपोर्ट आला सेसाइल सरेटेड लीजन, म्हणजे दातेरी रचनेची सपाट वाढ.

हे नीट समजून घ्या. आपली नजर तपकिरी शोधायला शिकलेली असते आणि सरेटेड लीजन तपकिरी नसतंच. नाइसमध्ये ते टाइप 1 सारखं दिसतं, म्हणजे "हायपरप्लास्टिक आहे, सोडून द्या" या डब्यात जातं, आणि तेच पुढे कॅन्सरकडे जाऊ शकतं. त्यासाठी वास्प नावाचे निकष वाचा: ढगाळ पृष्ठभाग, अस्पष्ट कडा, वेडावाकडा आकार, क्रिप्टमध्ये (अस्तरातल्या बारीक खड्ड्यांत) काळे ठिपके. चारातली दोन दिसली की संशय घ्यायचा. कडा कळत नसेल तर इंडिगो कार्मिन फवारा, निळा रंग खाचांत साचतो आणि लीजनची हद्द दिसते. जुनाट पद्धत म्हणून हसणारे सीनियर भेटतील, हसू द्या.

एआय स्क्रीनवर संशयित पॉलिपभोवती जो चौकोन काढतं त्यावर माझा फार जीव नाही. मदत होते, नाही म्हणत नाही, पण जे फोल्डच्या मागे किंवा घाणीखाली आहे, स्क्रीनवर आलंच नाही, त्याभोवती चौकोन कुठून येणार? व्हॉट्सॲपवर फिरणारे ॲटलासचे फोटो तर नकोच, ते सगळे धुतलेल्या, चकचकीत पॉलिपचे असतात.

विथड्रॉवल (स्कोप मागे घेत आतडं बघण्याचा वेळ) किमान 6 मिनिटं असं आम्हाला शिकवलं, अमेरिकेतल्या 2024 च्या निकषांत ते 8 झालंय. धुण्याचा, पॉलिप काढण्याचा वेळ त्यात धरू नका, मी धरायचो.

सुरुवातीला चुकेल, चुकू दे. मला सहा महिने सगळंच टाइप 2 वाटायचं. प्रत्येक लीजनचे दोन फोटो काढायचे, एक साध्या प्रकाशात, एक एनबीआयमध्ये, वहीत आपला अंदाज लिहायचा आणि पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आला की शेजारी तो. माझ्या वहीची पहिली दोन पानं मी अजून कुणाला दाखवलेली नाहीत.