दीर्घ आजारात संसार मोडतोय? या चुका टाळा

आजार संधिवाताचा असो, मल्टिपल स्क्लेरोसिस (मेंदू आणि मज्जारज्जूच्या नसांचा आजार) असो की आठवड्यातून दोनतीनदा डायलिसिस, तो वर्षानुवर्षं चालला की बाईचे कागद हळूहळू नवऱ्याच्या नावाखाली जातात. रेशन कार्डावर कुटुंबप्रमुख तो, मेडिक्लेम त्याच्या कंपनीचा, आधारला जोडलेला मोबाइलही त्याचाच. संसार मोडायला लागला की सगळं लक्ष कोर्टाकडे वळतं. औषधं मात्र अडतात तहसील कचेरीच्या आणि विमा कंपनीच्या टेबलावर. खाली महाराष्ट्रातले नियम धरले आहेत. घटस्फोटाच्या तरतुदी हिंदू विवाह कायद्यातल्या आहेत.

माहेरी जाताना काहीच लिहून न ठेवणं

दुखणं वाढलं की माहेरी जाणं होतं, मुक्काम लांबतो आणि मग वकिलाची नोटीस येते, 'नांदायला येत नाही'. जोडीदाराला विनाकारण सलग दोन वर्षं सोडून राहणं हे घटस्फोटाचं कारण आहे. म्हणून निघतानाच तारखेसह साधा मेसेज पाठवा, 'डॉक्टरांनी सांगितलेल्या उपचारांसाठी आईकडे जात आहे' एवढा. पुढेही तपासण्यांबद्दल, खर्चाबद्दल, परत येण्याबद्दल जे बोलणं होईल ते मेसेजवर ठेवा. नोटीस आली तर गप्प राहू नका, वकिलामार्फत उत्तर द्या.

'आजारी बायको आहे, घटस्फोट सहज मिळेल' असं घरोघरी ऐकवलं जातं. ते खोटं आहे. संधिवात, कॅन्सर, किडनीचा आजार ही घटस्फोटाची कारणं नाहीत. कुष्ठरोगसुद्धा २०१९ साली कायद्यातून वगळला गेला. मग दुसरा आरोप पुढे येतो, आजार लपवून लग्न केल्याचा. फसवणूक म्हणून लग्न रद्द करून घ्यायचं असेल, तर ती कळल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. आजाराचं निदान पहिल्यांदा झालं त्या तारखेचा रिपोर्ट इथे कामी येतो. तो मूळ रिपोर्ट, डिस्चार्ज कार्डं, एमआरआयच्या फिल्म आणि वर्षभराची बिलं स्वतःच्या ताब्यात ठेवा.

मारहाण होत नसेल तर घर सोडण्याची घाई करू नका. घर सासऱ्यांच्या नावावर असलं, तरी तुम्ही सर्वांसोबत तिथे राहत असाल तर राहण्याचा हक्क मागता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. त्यासाठीचा अर्ज कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ खाली करता येतो. तो सर्व धर्मांच्या स्त्रियांना लागू आहे आणि त्यात औषधोपचाराचा खर्चही मागता येतो.

आजाराचं नाव सांगून टक्के मागणं

दिव्यांग प्रमाणपत्र आजाराचं नसतं, आजारामुळे शरीर किती अडतं याचं असतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. मल्टिपल स्क्लेरोसिस, पार्किन्सन, हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकलसेल त्यांत थेट आहेत. मधुमेह, ल्युपस, किडनी निकामी होणं नाही. संधिवाताच्या पेशंटला त्यामुळे 'अस्थिव्यंग' या प्रकारातून जावं लागतं. टक्के ठरवणाऱ्या वैद्यकीय बोर्डासमोर फक्त रक्ताचे रिपोर्ट ठेवले तर हाती काही लागत नाही. कुठला सांधा किती वाकतो, मूठ वळते का, किती पावलं चालता येतं, बटण लावता येतं का, हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून लिहून न्या. सोबत सांध्यांचे ताजे एक्स-रे लागतात. आणि त्या दिवशी जास्तीची वेदनाशामक गोळी घेऊन 'नीट' चालून दाखवू नका. असं खूपजणी करतात.

अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर होतो आणि तपासणी सरकारी रुग्णालयात. सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. कमी टक्के मिळाले किंवा अर्ज फेटाळला, तर कायद्याच्या कलम ५९ खाली अपील आहे. नव्याने अर्ज टाकून तोच निकाल पुन्हा घेण्यापेक्षा ते बरं. प्रमाणपत्र तात्पुरतं असेल तर फेरतपासणीची तारीख कॅलेंडरवर मांडून ठेवा. मुदत संपली की दिव्यांगांचं मासिक अनुदान, म्हणजे पेन्शन, थांबते, आणि नेमकी तेव्हा कोर्टाची तारीख असते.

संजय गांधी योजनेत चुकीच्या गटातून अर्ज करणं

सगळ्यात जास्त पैसे इथे बुडतात. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत घटस्फोटाची प्रक्रिया चालू असलेल्या, तसंच घटस्फोट होऊनही पोटगी न मिळणाऱ्या किंवा फार कमी मिळणाऱ्या स्त्रियांचा गट आहे, आणि दिव्यांगांचा वेगळा. पहिल्या गटाला वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये आहे, दिव्यांगांना ५०,०००. अनुदान पहिल्या गटाला महिना १,५०० आणि २०२५ च्या निर्णयानुसार दिव्यांगांना २,५०० रुपये.

आता हिशेब करा. पोटगी महिना २,००० ठरली की वर्षाला २४,००० होतात आणि घटस्फोटितेच्या गटातून नाव बाद. दिव्यांग गटात तीच बाई बसते, शिवाय महिन्याला हजार जास्त मिळतात. म्हणजे प्रमाणपत्र आधी, अर्ज नंतर. आधीच १,५०० मिळत असतील तर तहसीलच्या संजय गांधी शाखेत गट बदलण्याचा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

उलटी चूकही होते. 'पेन्शन जाईल' म्हणून ५,००० ची पोटगी ४,००० वर आणायला बाई तयार होते. ५,००० ने वर्षाचे ६०,००० होतात, मर्यादा ओलांडली जाते हे खरं. पण ४,००० ठेवून जेमतेम मर्यादेत राहायचं आणि औषधांचा खर्च वाढला की अडकायचं, यात शहाणपण नाही. पोटगी औषधांच्या खर्चावर ठरवा, पेन्शनच्या मर्यादेवर नाही. लाडकी बहीण आणि ही पेन्शन दोन्ही एकत्र मिळत नाहीत हेही धरून चाला.

ओटीपी नवऱ्याच्या फोनवर जाणं

आधारला जोडलेला मोबाइल सगळ्यात आधी बदला, तोही आधार केंद्रात स्वतः जाऊन. नाहीतर प्रत्येक अर्जाचा ओटीपी त्याच्याकडे जाईल. मग फक्त स्वतःच्या नावाचं खातं उघडा आणि बँकेत 'डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) आधार जोडून द्या' असं स्पष्ट सांगा. अर्जावर खाते क्रमांक कुठलाही लिहा, अनुदान जातं ते शेवटी आधारशी जोडलेल्या खात्यात. 'मंजूर आहे पण पैसे येत नाहीत' या तक्रारीमागे बहुतेकदा जुनं संयुक्त खातं निघतं.

रेशन कार्डावरचं नाव तसंच ठेवणं

जुन्या कार्डावर नाव राहिलं की उत्पन्नाच्या दाखल्यात नवऱ्याचं उत्पन्न धरलं जाण्याचा धोका असतो. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेचं वर्षाला पाच लाखांचं उपचारांचं संरक्षणही कार्डावरच्या सगळ्या कुटुंबाला मिळून असतं. डायलिसिसवर असाल तर हे फार महत्त्वाचं आहे. नवरा नाव कमी करायला सही देत नसेल, तर कोर्टात दाखल केलेल्या अर्जाची प्रत आणि प्रतिज्ञापत्र जोडून तहसीलच्या पुरवठा शाखेत अर्ज द्या. मात्र जुन्या कार्डावरून नाव निघणं आणि माहेरच्या कार्डावर चढणं यांत महिने जाऊ देऊ नका. मधल्या काळात ऑपरेशन निघालं तर कुठलंच कार्ड चालत नाही.

मेडिक्लेमचा विचार निकालानंतर करणं

घटस्फोटाचा हुकूम झाला की तुम्ही त्याच्या पॉलिसीतल्या 'पत्नी' राहत नाही. त्यानंतर कोरी पॉलिसी घेतली तर जुन्या आजारासाठी ३६ महिन्यांपर्यंत थांबावं लागू शकतं. हुकूम होण्याआधी, नूतनीकरणाच्या किमान दीड महिना आधी, विमा कंपनीला लेखी कळवून त्याच कंपनीत स्वतंत्र पॉलिसी मागा आणि आधीच्या पॉलिसीत काढलेली वर्षं या थांबण्याच्या काळात धरायला लावा. नोकरीच्या ग्रुप पॉलिसीतूनही असं बाहेर पडता येतं. खंड पडू देऊ नका.

एकरकमी रक्कम घेऊन 'सर्व हक्क सोडले' लिहून देणं

परस्पर संमतीच्या घटस्फोटात हे वाक्य सर्रास टाकतात. दरमहा पोटगी असेल तर परिस्थिती बदलल्यावर ती वाढवून मागता येते. एकरकमी घेऊन हक्क सोडले की ते फार अवघड होतं, आणि आजार तर वाढणारा. आकडा मान्य करण्याआधी गेल्या १२ महिन्यांची बिलं बेरीज करून महिन्याची सरासरी काढा. त्यात गोळ्या, इंजेक्शनं, संधिवातावरचं मेथोट्रेक्सेट चालू असेल तर यकृताच्या नियमित तपासण्या, फिजिओथेरपी, रिक्षा आणि घरकामाला ठेवलेली बाई असं सगळं धरा. गुडघा बदलणं यासारखे पुढचे मोठे खर्च वेगळे लिहा. घटस्फोटाचा हुकूम होईपर्यंत संमती मागे घेता येते, तेव्हा 'आता सही झाली' म्हणून हताश होऊ नका.

दरमहा पोटगी मागायची असेल तर उशीर नको. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरतात, आधीची नाही. मालमत्तेच्या प्रतिज्ञापत्रात आजाराचा खर्च बिलांसह मांडा. नवरा आजारी आणि बायको कमावती असेल, तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ आणि २५ खाली तोही पोटगी मागू शकतो. पुरुष संकोचाने मागत नाहीत.

वैतागून राजीनामा देणं

सरकारी नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं, तर कामावरून काढता येत नाही. झेपेल असं दुसरं पद त्याच पगारावर द्यावं लागतं. 'स्वेच्छानिवृत्ती घ्या' असा सल्ला मिळाला तर आधी २०१६ च्या कायद्याचं कलम २० दाखवा. कारखान्यात पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात असेल, तर ठरावीक दीर्घ आजारांत, दोन वर्षांची नोकरी आणि पुरेसं अंशदान भरलेलं असल्यास, पगाराच्या ८० टक्के भत्ता दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो.

वकिलाच्या फीपायी थांबणं

स्त्रिया आणि दिव्यांग व्यक्ती यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात अर्ज द्या किंवा १५१०० वर फोन करा. प्रवास झेपत नसेल तर व्हिडिओद्वारे हजर राहण्याची परवानगी डॉक्टरांच्या चिठ्ठीसह मागा. चिठ्ठीत 'विश्रांती' एवढंच नको, किती वेळ बसता येतं तेही हवं. झोप उडाली, जेवण जाईना, जगणं नकोसं वाटायला लागलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. कोर्टाच्या सकाळी धावपळीत औषध चुकतं, म्हणून त्या दिवसाच्या गोळ्या आदल्या रात्रीच पिशवीत टाका.