नवा कोच, पहिलाच हंगाम: कॉलेजचा फुटबॉल संघ न हरता कसा न्यावा

कॉलेज संघाचा हंगाम लहान असतो. विभागीय बाद फेऱ्या, त्यातून वर आलात तर आंतरविभागीय सामने, मध्ये एखादी निमंत्रितांची स्पर्धा. सगळे मिळून आठ-दहा सामने. बाद फेरीत एक हरलात की गाशा गुंडाळायचा. म्हणून नव्या कोचनं 'गोल कोण मारणार' या प्रश्नात फार अडकू नये. सहा आठवड्यांत गोल मारणारा घडत नाही, तो असतो किंवा नसतो. गोल न खाणारी मागची फळी मात्र सहा आठवड्यांत उभी राहते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यातल्या मैदानांवर ती कशी उभी करायची, ते पुढे सांगतो.

पहिले दहा दिवस काहीही बदलू नका. आधीच्या सरांनी फोर-फोर-टू (मागं चार, मध्ये चार, पुढं दोन) लावलं असेल तर तेच राहू द्या, कॅप्टनही तोच. आपसात तीस-तीस मिनिटांचे तीन सामने लावा आणि वही घेऊन कडेला बसा. प्रत्येक पोरापुढे तीन गोष्टी लिहायच्या: चेंडू कुठं गमावतो, कुठला पाय चालतो, आणि चेंडू गेल्यावर पुढची पाच सेकंदं काय करतो. तिसरा रकाना सगळ्यात मोलाचा. कमरेवर हात ठेवून उभा राहणारा कितीही देखणा खेळत असला तरी बाद सामन्यात तोच महागात पडतो.

याच दहा दिवसांत एकदा बारा मिनिटांची धाव घ्या. ट्रॅक नसला तरी चालतं. 100 बाय 64 मीटरच्या मैदानाची कड धावली की एक फेरी 328 मीटरची होते, म्हणजे साडेसात फेऱ्यांत 2460 मीटर. मधल्या फळीतल्या कुणाच्या तेवढ्याही होत नसतील तर त्याला नव्वद मिनिटांचा माणूस धरू नका, साठ मिनिटांचा धरा आणि बदली आधीच ठरवून ठेवा.

आणखी एक गोष्ट लगेच दिसेल. आताची बरीच पोरं रात्रीच्या टर्फवर पाच-पाच जणांचा खेळ खेळून वाढलेली असतात. पायात चेंडू छान, छोटे पास छान. पण चाळीस मीटर उचलून मारायचं म्हटलं की अडतात, हेडरला डोळे मिटतात, आणि त्या खेळात ऑफसाइड (मागच्या फळीच्या पलीकडं उभं राहून चेंडू घ्यायला बंदी) नसल्यामुळं लाइन धरणं, म्हणजे मागच्या फळीनं एका रेषेत राहणं, हेच ठाऊक नसतं. निपाणीकडच्या पोरांवर कोल्हापूरच्या पेठांच्या फुटबॉलची छाप असते: अंगावर जाऊन ड्रिबल, गर्दीला आवडेल असं. ते मारून टाकू नका, फक्त स्वतःच्या अर्ध्यात बंद करा.

कागद

हे काम कंटाळवाणं आहे, पण मैदानावर जिंकलेला सामना टेबलावर गमावायचा नसेल तर पहिल्याच आठवड्यात उरका. प्रवेश अर्जावरचं नाव, कॉलेजचं ओळखपत्र आणि दहावीचं मार्क्स कार्ड शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडा. सीमाभागात घोळ इथंच होतो. महाराष्ट्र बोर्डातून दहावी झालेल्याचं नाव आडनाव, नाव, वडिलांचं नाव अशा क्रमानं असतं. कर्नाटकातल्या एसएसएलसीवर बऱ्याचदा नाव आणि पुढं नुसती आद्याक्षरं. एकाच पोराची दोन माणसं दिसतात आणि समोरचा संघ तक्रार टाकतो. फरक असेल तिथं प्राचार्यांच्या सही-शिक्क्याचं पत्र आधीच काढून फाइलला लावा. त्याच फाइलमध्ये त्या वर्षीच्या स्पर्धेचे छापील नियम ठेवा: किती बदली खेळाडू चालतात, किती पिवळ्या कार्डांवर पुढचा सामना जातो. मागच्या वर्षीचे नियम धरून चालणं ही नेहमीची चूक.

मैदान, बूट, चेंडू

बेळगाव-खानापूर बाजूला तांबडी माती आणि मुरूम, पूर्वेला गोकाक-अथणीकडं काळी रानं. दोन्हीकडं एकच बूट घेऊन जाऊ नका.

मुरमाच्या कडक मैदानात लांब स्टड रुततच नाहीत. सगळं वजन चार-सहा टोकांवर येतं, टाचा दुखायला लागतात, घोटा मुरगळतो. तिथं रबरी बुटक्या दाण्यांचे किंवा टर्फच्या तळाचे बूट बरे. काळ्या मातीत पाऊस पडून गेला असेल तर उलट. दाणे लांब हवेत, पण चिखल धरून बूट जड होतात आणि विसाव्या मिनिटाला पाय उचलवत नाही. सामन्याआधी तळाला गोडं तेल चोळा, चिखल कमी धरतो. मध्यंतरात खरवडायला बांबूच्या चपट्या पट्ट्या किटमध्ये असू द्या.

चेंडू पाच नंबरचा, घेर 68 ते 70 सेंटिमीटर. नियमात हवेचा दाब 8.5 ते 15.6 पीएसआय इतका सैल आहे. मुरमावर बारा-तेरा भरला की चेंडू रबरासारखा उसळतो आणि सरावाचं वाटोळं होतं. नऊ भरा. सामन्याचा चेंडू पंचांच्या हातात असतो, म्हणून आदल्या दिवशीचा सराव बारावर घ्या, म्हणजे उसळीची सवय राहते. साठ रुपयांचा असो की सहाशेचा, दाब दाखवणारा पंप घ्या. अंगठ्यानं दाबून अंदाज घेणाऱ्यांचे दहा चेंडू दहा तऱ्हेचे निघतात.

मुरमावर घसरून टॅकल सरावात बंद. मांडी सोलली तर पोरगं आठवडाभर बाहेर. खरचटलंच तर वाहत्या पाण्यानं आणि साबणानं धुऊन खडे काढा, मग मलम. वर हळद आणि माती थापायचा आग्रह करणारा एक तरी कडेला असतोच, त्याला पाण्याच्या बाटल्या भरायला पाठवा.

मागची फळी

इथं सगळ्यात जास्त वेळ घाला. चोवीस-पंचवीस मीटरची नायलॉनची दोरी घ्या, आठ-आठ मीटरवर गाठी मारा. चार बचावपटूंनी एकेक गाठ हातात धरायची. कमरेला बांधू नका, एक पडला की चौघं पडतात. समोर पंचवीस मीटरवर तुम्ही चेंडू घेऊन आडवे चाला. तुम्ही डावीकडं गेलात की चौघांनी मिळून सरकायचं, दोरी ताणली जाऊ नये आणि जमिनीला टेकूही नये. पंधरा मिनिटं रोज, पहिले दोन आठवडे. तिसऱ्या आठवड्यात दोरी काढा. हात मात्र काही दिवस दोरी धरल्यासारखेच राहतात. ते दिसलं की समजा अंगवळणी पडतंय.

चूक जवळजवळ नेहमी एकाच जागी होते. चेंडू उजव्या कडेला असतो, तिघं वर सरकतात आणि पलीकडचा डावा बॅक आपल्या माणसाकडं बघत दोन मीटर मागंच राहतो. समोरचा स्ट्रायकर त्याच्यामुळं ऑनसाइड होतो. गोल पडल्यावर सगळे मधल्या दोघांवर ओरडतात. सरावात तुम्ही त्या पलीकडच्या बॅकच्या पाठीमागं उभे राहा, चेंडूकडं बघूच नका.

वर कधी, खाली कधी, याच्या दोनच खुणा द्या. समोरच्यानं मान खाली घालून पाय मागं नेला, म्हणजे लांब येणार: तीन पावलं खाली. चेंडू त्यांच्याच गोलकडं मागं गेला: सगळे वर. तिसरी खूण दिलीत की पोरं विचार करायला लागतात आणि उशीर होतो. मागच्या फळीपासून पुढच्या स्ट्रायकरपर्यंतचं अंतर तीस-पस्तीस मीटरच्या आत राहावं. ते मोजायला सरावात 35 मीटरवर चुन्याच्या दोन रेघा मारा.

गोलकीपरचं वेगळं. चेंडू पलीकडच्या अर्ध्यात असेल तेव्हा त्याची जागा पेनल्टी बॉक्सच्या रेषेजवळ, गोलपासून साडेसोळा मीटरवर. आमच्याकडचे बहुतेक कीपर गोलरेषेला चिकटतात, कारण शाळेत उंच म्हणून उभे केलेले असतात. त्याला नवा नियमही सांगा. 2025-26 च्या नियमांपासून हातात चेंडू आठ सेकंदांपेक्षा जास्त धरला तर समोरच्याला कॉर्नर मिळतो. पंच हात वर करून शेवटची पाच सेकंदं मोजतात. आघाडीवर असताना चेंडू कवटाळून बसायची जुनी सवय आता गोल देऊ शकते. गोलकिक मात्र 2019 पासून बॉक्सच्या आतच आपल्या माणसाला देता येते, आणि टीव्ही बघून पोरांना तसं करायची हौस असते. मुरमावर नको. एक खडा आणि खेळ खलास.

कॉर्नर अडवताना एक जण जवळच्या खांबाशी, तिघं साडेपाच मीटरच्या रेषेवर आपापली जागा धरून, चौघं माणूस धरून, एक बॉक्सच्या कडेला सुटलेल्या चेंडूसाठी, एक मध्यरेषेवर. तो एक वर ठेवलात की त्यांचे दोघं आपोआप मागं थांबतात.

हाका

इथल्या संघात मराठी, कन्नड, उर्दू, कोंकणी बोलणारी पोरं एकत्र असतात. वर्गात त्यांचं चालतं, पण मैदानात अर्ध्या सेकंदात कळायला हवं. सगळ्यात घातक शब्द 'सोड'. मागून कीपर ओरडतो "सोड!" म्हणजे चेंडू माझ्याकडं येऊ दे. बचावपटूला वाटतं, पटकन पास सोड. तो पाय घालतो आणि चेंडू कीपरला चकवून जातो. 'मागं' आणि कन्नडमधलं 'हिंदे' एकच, पण घाईत 'हिंदे' आणि 'मुंदे' कानाला सारखेच लागतात, आणि एकाचा अर्थ मागं तर दुसऱ्याचा पुढं.

म्हणून पाचच हाका ठरवा आणि भिंतीवर लावा: 'कीपर' (चेंडू माझा), 'अवे' (लांब मार), 'टाइम' (वेळ आहे), 'मॅन' (अंगावर माणूस येतोय), 'अप' (सगळे वर). घरातल्या भाषेचा मान तिनं घरात घ्यावा. सरावात सहावा शब्द ऐकू आला की खेळ थांबवायचा. पहिला आठवडा हसण्यात जातो.

आठवडा आणि सामन्याचा दिवस

चार दिवस, सत्तर ते नव्वद मिनिटं, बुधवार मोकळा. सामन्याच्या आदल्या दिवशी चाळीस मिनिटांच्या वर नाही. इंटर्नल्सच्या आठवड्यात सकाळी साडेसहाला पाऊण तास, तेवढंच. पोरं नापास झाली तर पुढच्या हंगामात संघच उरत नाही.

दूरच्या सामन्याला क्रूझर ठरवली असेल तर दीड तास आधी पोहोचाल असं निघा. बारा-बारा जण कोंबून दोन तास बसलेल्या पायांना वॉर्मअपच्या आधी दहा मिनिटं नुसतं चालवा. जेवण तीन तास आधी: भात-आमटी किंवा भाकरी आणि कमी तिखटाची भाजी. तर्री, वडा, कुंदा सगळं सामन्यानंतर. अर्धा तास आधी एखादं केळं. पाण्यासाठी एक लिटरला सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्यानं. डोळ्यांच्या मापानं मीठ घालू नका, जास्त झालं की उलट्या होतात.

मैदान पूर्व-पश्चिम असेल तर टॉसला महत्त्व आहे. साडेतीन-चारला सुरू झालेला सामना नोव्हेंबरात मावळतीपर्यंत जातो. दुसऱ्या अर्ध्यात आपला कीपर पश्चिमेकडं तोंड करून उभा राहणार नाही, अशी बाजू मागा. कॅप्टनला हे गाडीतच सांगून ठेवा, टॉस जिंकल्यावर तो सवयीनं किकऑफ मागतो.

चौथ्या विजयानंतर

आता अडचणी वेगळ्या. स्टेटसला 'अजिंक्य' लागतं, आणि समोरचे संघ तुमचा सामना मोबाइलवर टिपायला कुणाला तरी पाठवतात. कॉर्नरची मारण्याची पद्धत इथं बदला. कार्डांची वही कॅप्टनकडं न ठेवता स्वतः ठेवा. ज्याच्या नावावर आधीच पिवळं आहे त्याला तीन गोलांच्या आघाडीवर काढून घ्या. मांडी धरून चालणाऱ्याला 'फक्त आजचा दिवस' म्हणून खेळवू नका. ताणलेला स्नायू एका सामन्यात फाटतो आणि तीन सामने जातात.

समोरचे अकराच्या अकरा मागं बसून खेळायला लागतील, तेव्हा शेवटची वीस मिनिटं कामी येतात. जर्मनीतल्या बायर लेव्हरकुसेन क्लबकडं ऑक्टोबर 2022 मध्ये झाबी अलोन्सो कोच म्हणून आला तेव्हा संघ खालून दुसरा होता. 2023-24 च्या बुंडेसलीगात तोच संघ 28 विजय आणि 6 बरोबरींसह न हरता विजेता झाला, आणि त्यातले कितीतरी गुण अगदी शेवटच्या मिनिटांतल्या गोलांनी वाचवलेले होते. म्हणून सत्तराव्या मिनिटासाठी दोन ताजे पाय नेहमी राखून ठेवा.

मात्र एखादी स्पर्धा साखळी पद्धतीची असेल तर न हरण्याच्या मोहात तिथं बरोबऱ्या जमवत बसू नका. इटलीत 1978-79 ला पेरुजा 30 सामन्यांत एकही हरला नाही. 11 जिंकले, 19 बरोबरी. विजेतेपद मिलाननं नेलं. साखळी सुरू होण्याआधी गुणांचं गणित कागदावर मांडा आणि कुठला सामना जिंकायचाच ते ठरवा.

बाद फेरीतली बरोबरी पेनल्टीवर जाते. सराव रोज शेवटी, दमलेल्या पायांनी घ्या: प्रत्येकानं एकच किक, मध्यरेषेपासून एकट्यानं चालत येऊन, मागं बाकीच्यांचा गोंगाट. ज्यानं कोपरा ठरवलाय त्यानं तो चालतानाच ठरवावा, चेंडूपाशी आल्यावर बदलणारा बाहेर मारतो. कीपरला सांगा, किक मारली जाते त्या क्षणी एका पायाचा काही भाग तरी रेषेवर किंवा रेषेच्या मागं हवा, तेव्हा आधी उडी नको. आणि बदल्या करताना हे डोक्यात असू द्या: खेळ संपताना जे संघात खेळत असतात तेच किक मारू शकतात. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला लंगडतोय म्हणून ज्याला बाहेर काढाल, तोच तुमचा सगळ्यात खात्रीचा मारणारा असेल, तर पाच नावांची यादी खिशातून काढून आधी वाचा.