पॅनिकचा त्रास आहे? मग या चुका टाळा

चांगलं बसलेलं माणूस. अचानक छातीत धडधड सुरू होते, हातपाय गार पडतात, घशात आवळल्यासारखं होतं, बोटांना मुंग्या येतात आणि वाटतं, आता आपलं काही खरं नाही. पारोळ्याच्या माझ्या मावशीला पहिला झटका आला तेव्हा ती ओट्यावर गहू निवडत होती. सूप बाजूला ठेवून भिंत धरत म्हणाली, "मना जीव घाबरी राहिना, मी मरी जासू." घरच्यांनी तोंडावर पाणी मारलं, कांदा हुंगवला, रिक्षा बोलावली. दवाखान्यात पोहोचेपर्यंत ती बरीच सावरली होती.

पॅनिकचा झटका असाच असतो. तो बहुधा दहा मिनिटांच्या आत शिगेला पोहोचतो आणि मग ओसरू लागतो. एखादा झटका पुष्कळांना आयुष्यात कधी ना कधी येतो, तो आजार नव्हे. आजार म्हणजे पॅनिक डिसऑर्डर. त्यात असे झटके कारण नसताना पुन्हा पुन्हा येतात आणि "परत आला तर?" ही धास्ती महिनाभर किंवा त्याहून जास्त पाठ सोडत नाही. या धास्तीपायी माणूस जे जे करू लागतो त्यावरच दुखणं पोसलं जातं. खाली ज्या चुका सांगते आहे, त्या बहुतेक सगळ्या तिथल्याच आहेत.

तपासणी टाळणे, आणि मग तपासण्याच करत सुटणे

पहिल्या झटक्याला "टेन्शन असेल" म्हणून घरी बसू नका. छातीवर दाब येऊन कळ हाताकडे किंवा जबड्याकडे जात असेल, दरदरून घाम सुटला असेल, शुद्ध हरपली असेल, आणि त्यातही वय चाळिशीच्या पुढे किंवा साखर-बीपी असेल, तर 108 ला फोन करा. तो हार्ट अटॅक नाही हे डॉक्टरांना ठरवू द्या. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 च्या आसपास जातो तेव्हा आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. उन्हातून आलेल्या माणसाचं अंग भट्टीसारखं तापलंय आणि तो असंबद्ध बोलतोय, तर तो उष्माघात असू शकतो. तिथे धीर देत बसायचं नाही. त्याला सावलीत घेऊन अंगावर पाणी ओतायचं आणि तसंच दवाखान्यात न्यायचं.

ईसीजी, थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि साखर या तपासण्या एकदा नीट करून घ्या. रक्त कमी असेल तरी धडधडतं, थायरॉइड वाढलं तरी धडधडतं. नंदुरबारकडे, सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही आढळतो, तिथे ती तपासणीही राहू देऊ नका.

सगळं नॉर्मल आलं की मात्र थांबा. आपल्याकडे इथेच गाडी घसरते. गावात ईसीजी, मग धुळ्याला टूडी इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, मग कोणीतरी सांगतं म्हणून नाशिकला सगळं पुन्हा. मध्येच "अशक्तपणा आहे" म्हणून दोन सलाईन. रिपोर्ट पाहून चार दिवस बरं वाटतं, पाचव्या दिवशी शंका येते की डॉक्टरांच्या नजरेतून काही सुटलं तर नसेल? प्रत्येक नव्या तपासणीने मनाला हेच कळतं, की घाबरण्यासारखं काहीतरी नक्की आहे.

जिथे झटका आला, ती जागा सोडणे

ही सगळ्यांत मोठी चूक, आणि घरातली माणसं ती प्रेमापोटी करायला लावतात.

मावशीला दुसरा झटका जळगावच्या एसटीत आला. एरंडोलला उतरून ती परत फिरली. मग एसटी बंद झाली. मग आठवडे बाजार, मग लग्नं, मग श्रावणातल्या कानबाईच्या मिरवणुकीची गर्दी. एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं त्या वर्षी शेजारणी देवदर्शनं करून आल्या, मावशी फाटकाबाहेर पडली नाही. काका म्हणायचे, "जाऊ दे, तिला त्रास होतो, मी आणतो सामान." त्यांच्या मनात मायाच होती. पण प्रत्येक वेळी जागा टाळली की तिथे न गेल्यामुळेच वाचलो, असं मनाला वाटतं. मन तेच धरून बसतं आणि भीतीचं रान वाढत जातं.

टाळण्याचे छुपे प्रकारही असतात. पाण्याची बाटली हातात असल्याशिवाय बाहेर न पडणं, कोणाला तरी सोबत नेणंच, बसायला दाराजवळचीच जागा, खिशात गोळी आहे ना हे दर पाच मिनिटांनी चाचपणं, दर थोड्या वेळाने नाडी मोजणं. यातलं काहीच वाईट दिसत नाही, पण बाटली होती म्हणून वाचले, असं एकदा मनाने घेतलं की बाटली सुटत नाही.

उपाय हळूहळू उलट चालण्याचा आहे. समुपदेशकाने मावशीला पायऱ्या पाडून दिल्या. आधी नुसतं बसस्टँडवर जाऊन बाकावर बसायचं. मग उभ्या एसटीत चढून उतरायचं. मग काकांसोबत एरंडोल, मग काका मागच्या सीटवर, मग एकटीने एरंडोल, शेवटी जळगाव. एक पायरी कंटाळवाणी वाटेपर्यंत तीच करायची, मग पुढची. भीती चढली तरी उतरून पळायचं नाही, ती आपोआप खाली येईपर्यंत तिथेच थांबायचं. भीती सतत चढत राहत नाही, ती ओसरतेच. हे कोणी सांगून पटत नाही, अंगावर घेतल्यावरच पटतं. बसमध्ये बेशुद्ध पडू, ही भीतीही बहुतेकांची खोटी ठरते, कारण झटक्यात रक्तदाब सहसा वाढतो आणि चक्कर येऊन पडायला तो घसरावा लागतो.

धडधडीचीच भीती बसलेले लोक जिने चढणं, भरभर चालणंही सोडतात. त्यांनी डॉक्टरांना विचारून मुद्दाम जागच्या जागी धावून पाहावं, धाप लागू द्यावी. धाप म्हणजे संकट नव्हे, हे शरीराला पुन्हा शिकवावं लागतं. राखणीचा कुत्रा पानाच्या सळसळीवरही भुंकायला लागला, तर त्याला सळसळ ओळखायला शिकवतात, झाडं तोडत नाहीत.

"खोल श्वास घे" असं ओरडणे

झटक्यात माणूस आधीच भराभर श्वास घेत असतो. त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि त्यातूनच मुंग्या, हलकं डोकं, आवळलेली बोटं. अशात मोठमोठे श्वास घ्यायला लावले की त्रास वाढतो. श्वास नाकाने, साधाच घ्या. सोडताना मात्र सावकाश, घेण्यापेक्षा जास्त वेळ लावून सोडा. कागदी पिशवीत श्वास घेण्याचा जुना उपाय करू नका. त्रास हृदयाचा किंवा दम्याचा निघाला तर तो जिवावर बेतू शकतो.

मेडिकलवरून परस्पर गोळी आणणे

अल्प्राझोलम ही घबराट शमवणारी गोळी अर्ध्या तासात आराम देते, म्हणूनच ती घातक ठरते. काही आठवड्यांतच शरीराला तिची सवय होऊ शकते आणि रोज घेणाऱ्याने एकदम बंद केली तर फिटही येऊ शकते. चिठ्ठीशिवाय ती विकायला कायद्याने बंदी आहे, तरी ओळखीवर मिळते. शेजाऱ्याची धडधडीची गोळीही घेऊ नका, त्यातल्या प्रोप्रॅनोलॉलने दमेकऱ्याचा दम उसळू शकतो.

मूळ आजारावर डॉक्टर बहुधा एसएसआरआय गटातली, म्हणजे नैराश्य आणि चिंतेवरची, रोज घ्यायची औषधं देतात. त्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात आणि सुरुवातीला बेचैनी थोडी वाढूही शकते. लोक नेमके चौथ्या-पाचव्या दिवशी "ही गोळी मला सोसत नाही" म्हणून पुडा फेकतात. फेकू नका, डॉक्टरांना फोन करा, ते डोस कमी करून देतील. बरं वाटल्यावरही मनाने बंद करू नका, पुष्कळदा ती वर्षभर चालू ठेवावी लागते.

चहा, तंबाखू, रात्रपाळीचं पाणी

चहातलं कॅफीन आणि तंबाखूतलं निकोटीन दोन्ही ठोके वाढवतात. उपाशीपोटी चार कप चहा आणि गालात तंबाखू, वर कपाशीला रात्रीच्या विजेवर पाणी भरायला जागरण, मग धडधड होणारच. दारूने झोप लागल्यासारखी वाटते, पण सकाळी धास्ती दुप्पट होऊन उभी राहते.

घरच्यांनी काय बोलू नये

"मनाचे खेळ आहेत" म्हणू नका. त्रास खरा असतो, फक्त जिवाला धोका नसतो. भगताकडे नेऊन उतारा केला म्हणून मी कोणाला दोष देणार नाही, भांबावलेली माणसं दिसेल त्याचा आधार घेतात. पण मारझोड, धुरी, उपास यांना ठाम नकार द्या आणि औषध चालूच ठेवा. लग्नाच्या मुलीचा त्रास "बोभाटा नको" म्हणून लपवला जातो, याची मला फार चीड येते. हा त्रास बायकांमध्ये पुरुषांच्या जवळपास दुप्पट आढळतो आणि उपचाराने चांगला आटोक्यात येतो. लपवलेली वर्षं तिची एकटीची जातात.

जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही ठिकाणी सरकारी रुग्णालयात मानसोपचाराची सोय आहे. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर 2022 पासून सुरू आहे, मोफत, दिवसरात्र, आणि मराठीतून बोलता येतं. जीव नकोसा वाटतोय असं कोणी बोललं तर थांबू नका, त्याच दिवशी फोन करा आणि त्याला एकटं सोडू नका.

डॉक्टरांकडे जाण्याआधी एका कागदावर लिहून ठेवा: झटका कधी आला, कुठे आला, किती वेळ टिकला, त्याआधी काय खाल्लं-प्यालं, कोणत्या गोळ्या चालू आहेत आणि कोणकोणत्या जागा टाळायला लागलात. दवाखान्यात आयत्या वेळी "घाबरल्यासारखं होतं" एवढंच तोंडातून निघतं आणि टाळलेल्या जागांची यादी राहूनच जाते. डॉक्टरांना तीच सगळ्यांत आधी हवी असते.