सिझरचे टाके घरी कसे सांभाळावेत

सिझर झालेली बाळंतीण तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरी येते. टाक्यांबद्दल तिच्या कानावर बहुधा एकच वाक्य पडलेलं असतं: "ओलं होऊ देऊ नका." हे अर्धंच खरं आहे. टाक्यांवर पाणी पडल्याने काही बिघडत नाही. ते ओले राहिले, की बिघडतात.

आधी आत काय शिवलंय ते समजून घ्या. बहुतेक वेळा छेद ओटीपोटावर, केसांच्या रेषेच्या जरा वर, आडवा आणि साधारण १० ते १५ सेंटीमीटर लांब असतो. कातडीखाली चरबी, त्याखाली स्नायूंवरचं पांढरं चिवट आवरण आणि सगळ्यात आत गर्भाशय. कातडीच्या कडा ४८ तासांत एकमेकींना धरतात, पण खालच्या आवरणाला निदान सहा आठवडे लागतात. तीन आठवड्यांनी जखमेची ताकद मूळच्या साधारण पाचव्या हिश्शाइतकीच असते. वरून टाके छान दिसतात म्हणून भरलेली बादली उचलली जाते, आणि ताण येतो तो न दिसणाऱ्या शिवणीवर.

घरी निघण्यापूर्वी विचारून घ्या: टाके विरघळणारे आहेत की काढायचे? विरघळणारे काढावे लागत नाहीत. तो दोरा पूर्ण जिरायला दोन ते चार महिने लागू शकतात. न विरघळणारे टाके किंवा स्टेपल पिना आडव्या छेदात बहुधा ५ ते ७ दिवसांत निघतात, उभ्या छेदात १० ते १४. लठ्ठपणा किंवा मधुमेह असेल तर डॉक्टर जास्त दिवस ठेवतात. दोऱ्याचं टोक बाहेर डोकावलं तर ओढू नका. एका टोकाला सगळी शिवण बांधलेली असू शकते.

अंघोळ

ऑपरेशनला ४८ तास झाले आणि डॉक्टरांची हरकत नसेल, तर रोज अंघोळ करावी. वॉटरप्रूफ पट्टी असेल तर ती न काढता. पट्टी नसेल तर स्टुलावर बसून खांद्यावरून कोमट पाणी सोडा. साबणाचं पाणी टाक्यांवरून वाहिलं तरी चालतं, पण तिथे घासायचं नाही. टब, नदी, स्विमिंग पूल जखम पूर्ण भरेपर्यंत बंद.

खरं काम पुढे आहे. बाळंतपणानंतर पोट सैल असतं आणि त्याची वळी नेमकी टाक्यांवर येते. आत घाम कोंडतो, कातडी पांढरट आणि भिजल्यासारखी होते, आणि मग कडा उघडतात. टाके पिकायला बऱ्याचदा इथूनच सुरुवात होते. म्हणून अंघोळीनंतर आडवं पडा, एका हाताने पोट वर उचलून धरा आणि स्वच्छ मऊ सुती कापडाने टिपून घ्या, पुसू नका. मग पाच-दहा मिनिटं तसंच हवेवर राहू द्या. पंखा चालेल. हेअर ड्रायरची गरम हवा नको, तिथली कातडी बधिर असते आणि भाजलेलं कळत नाही. वळी खोल असेल तर घडीत कोरडा गॉज (जखमेवर ठेवायचं जाळीदार सुती कापड) ठेवा आणि दमट झाला की बदला. कोकणातल्या पावसाळ्यात दिवसातून तीन-चारदाही बदलावा लागेल. त्या दिवसांत कपडे दमट राहतात, तेव्हा आतले कपडे इस्त्री फिरवूनच घाला. परकराची नाडी आणि चड्डीचं इलॅस्टिक टाक्यांवर नको, बेंबीजवळ यायला हवं.

पट्टी बदलायची असेल तर

पट्टी उतरवल्यावर टाके कोरडे आणि बंद असतील, तर बहुतेकींना पुन्हा पट्टी लागत नाही. डॉक्टरांनी बदलायला सांगितली असेल, तर क्रम असा:

१. निर्जंतुक गॉजची बंद पाकिटं, सलाइनची (निर्जंतुक मिठाच्या पाण्याची) छोटी बाटली, कागदी चिकटपट्टी आणि कचऱ्याची पिशवी आधीच जवळ मांडा. कापूस नको, त्याचे तंतू टाक्यांत अडकतात.
२. साबणाने हात धुवा, निदान ४० सेकंद, नखांसकट. अंगठी-बांगड्या काढून.
३. चिकटपट्टी कातडीलगत, छेदाच्या दिशेने सोडवा. सरळ वर ओढली तर शिवण ताणली जाते. गॉज चिकटला असेल तर सलाइनने भिजवून दोन मिनिटं थांबा.
४. जुनी पट्टी फेकून हात पुन्हा धुवा. ही पायरी सगळ्यात जास्त गाळली जाते.
५. सलाइनचा गॉज छेदावरून एकाच दिशेने एकदा फिरवा आणि टाकून द्या. दुसऱ्यांदा फिरवायचा तर नवा घ्या.
६. कोरड्या गॉजने टिपा, नवा गॉज ठेवा, पट्टी न ताणता लावा.

उघडलेली सलाइनची बाटली २४ तासांनंतर वापरू नका.

काय लावायचं?

काहीच नाही. हळद, खोबरेल, राख, एरंडेल, कॅप्सूल फोडून त्यातली पावडर, यातलं काहीही नको. पावडर घामात कालवली की तिची खपली होते आणि खालचा ओलावा झाकून टाकते. डेटॉल, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड जंतूंबरोबर नवी तयार होणारी कातडीही जाळतात. मालिशवाल्या बाईंना हात-पाय-पाठ करू द्या. पोट डॉक्टर हो म्हणेपर्यंत नाही. शेक-शेगडी आणि धुरी टाळाच. बधिर कातडी भाजते आणि धूर बाळाच्या छातीत जातो. पोटपट्टा उठता-बसताना आधार म्हणून ठीक, पण कोरड्या अंगावर, आत दोन बोटं जातील इतका सैल, आणि झोपताना काढून.

उठणं, बसणं, उचलणं

पलंगावरून सरळ उठू नका. कुशीवर वळा, पाय खाली सोडा आणि हाताने रेटा देऊन बसा. खोकला, शिंक किंवा हसू आलं की टाक्यांवर उशी दाबून धरा. सहा आठवडे बाळाच्या वजनापेक्षा जड काही उचलायचं नाही. पंधरा लिटरची बादली म्हणजे पंधरा किलो. भरलेला गॅस सिलिंडर तीस किलोच्या आसपास. घरातल्या घरात चालणं मात्र पहिल्या दिवसापासून हवं, नाहीतर पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. दुखणं सहन करून पडून राहण्यापेक्षा लिहून दिलेली गोळी वेळेवर घ्या. पॅरासिटॅमॉल अंगावर पाजतानाही चालते; दोन डोसांत सहा तास ठेवा आणि सर्दीच्या गोळीतही तीच नाही ना, ते बघा.

भात किंवा आंबट खाल्ल्याने टाके पिकत नाहीत. उलट वरण, मुगाची उसळ, अंडी, दूध, आणि त्यावर लिंबू किंवा आवळा, हे सगळं जखमेच्या उपयोगाचं. नुसत्या डिंकाच्या लाडवांवर भागत नाही. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, कुंथण्याचा ताणही टाक्यांवरच येतो. मधुमेह असेल तर साखर ताब्यात ठेवणं कुठल्याही मलमापेक्षा मोठं औषध.

रोज बघायचं काय

स्वतःचे टाके बाळंतिणीला दिसतच नाहीत. रोज त्याच वेळी, त्याच उजेडात घरातल्या कुणीतरी मोबाइलवर फोटो काढावा. कडेला हलका गुलाबीपणा, खाज, बधिरपणा, पहिले काही दिवस पुसट डाग, हे चालायचंच. लाली दिसली तर तिच्या कडेने पेनने रेघ मारा. दुसऱ्या दिवशी लाली रेघेबाहेर गेली, तर फोन न करता थेट दवाखान्यात जा.

संसर्ग बहुधा चौथ्या ते दहाव्या दिवसादरम्यान डोकं वर काढतो, पण महिनाभर होऊ शकतो. १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप, जागा गरम आणि कडक लागणं, पिवळा-हिरवा किंवा वास मारणारा स्राव, कमी होत आलेलं दुखणं पुन्हा वाढणं, कडा उघडणं, यांपैकी एकही दिसलं तर त्याच दिवशी दाखवा. घरातल्या उरलेल्या अँटिबायोटिकने सुरुवात करू नका.

टाक्यांतून रक्त आलं तर स्वच्छ गॉजने दहा मिनिटं सलग दाबा, मधे उघडून बघू नका. तरीही थांबलं नाही तर निघा. एका पोटरीला सूज आणि दुखणं, अचानक दम लागणं, किंवा अंगावरून इतकं जाणं की तासाभरात पॅड पूर्ण भिजतो, यांत वाट बघायची नाही. आणि बरी दिसणारी जखम पाचव्या-सातव्या दिवसानंतर एकाएकी गुलाबी पाणी भळभळा सोडू लागली, तर आतलं आवरण सुटलेलं असू शकतं. अशा वेळी आत काही ढकलायचं नाही. सलाइनने भिजवलेला स्वच्छ गॉज वर ठेवा, गुडघे दुमडून आडवं झोपवा, खायला-प्यायला काही देऊ नका आणि १०८ ला फोन करा.